आवाजाची खरेदी : वॅट पाहू नका, कान लावा



या सदरात आपण बियाणे, खते, पंप, फवारे यांविषयी बोलतो. आज जरा वाट सोडून बोलणार आहे. त्याला कारण एका वाचक भगिनीचे पत्र. त्या लिहितात, "तुरीचे पैसे हाती आले. बँकेचा हप्ता, मुलीची फी आणि पुढच्या हंगामाचे बियाणे बाजूला काढून १५ हजार उरले. घरी गाणी-भजने ऐकायला चांगला स्टिरिओ संच घ्यावा, असे सर्वांच्या मनात आहे. मुलगा म्हणतो, तालुक्याला १० हजार वॅटचा मोठा संच मिळतो, तोच घ्यायचा. सासूबाईंना अलीकडे हरिपाठाचे शब्द कळत नाहीत, म्हणून त्या मध्येच उठून जातात. मामंजी वारले. त्यांच्या भजनाच्या चार कॅसेटी पेटीत पडून आहेत. आम्ही काय घ्यावे?"

ताई, मी बी.एस्सी. (कृषी) झालेला माणूस. गाण्यातले मला फारसे कळत नाही. पण ज्याला विहिरीवरचा पंप निवडता येतो, त्याला संचही निवडता येतो. हिशेब जवळपास तोच आहे.

दहा हजार वॅट म्हणजे किती एचपी?

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे मोटार बसवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मग १० हजार वॅट म्हणजे १३ एचपीहून अधिक झाले. एवढी मोटार घरातल्या साध्या पिनेवर चालते का? घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्टवर त्यातून फार तर १३८० वॅट ओढता येतात. जेवढी वीज आत जात नाही, तेवढा आवाज बाहेर कोठून येणार?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आकड्यापुढे बहुधा 'पीएमपीओ' ही अक्षरे असतात. हा क्षणभराचा, कागदावरचा आकडा. तो कसा मोजायचा याला धड नियम नाही. आपल्या कामाचा आकडा 'आरएमएस' वॅटचा. संच सतत किती शक्ती देईल, ते तो सांगतो. संचाच्या मागची बारीक अक्षरांची पट्टीही वाचा. तिथे विजेचा वापर दिलेला असतो. बियाण्याच्या पिशवीवरच्या टपोऱ्या कणसाच्या चित्राला आपण भुलत नाही, मागची उगवणशक्ती वाचतो. इथेही तसेच करा.

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. १९९६ साली पगारवाढीच्या पैशातून मी असाच एक '१००० वॅट'चा संच आणला. मागची पट्टी घरी आल्यावर वाचली. विजेचा वापर होता २५ वॅट! आवाज वाढवला की तबला फुटक्या डब्यासारखा वाजे. सौ. आजही त्याची आठवण काढतात.

घरासाठी किती शक्ती लागते?

दहा बाय बाराच्या खोलीला दोन्ही बाजूंना २०-२० आरएमएस वॅट पुष्कळ झाले. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून वॅटमागे धावण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' विचारा. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. कमी पाण्यात येणाऱ्या वाणासारखेच हे आहे.

दुसरा आकडा 'ओहम'चा. अॅम्प्लिफायरवर ८ ओहम लिहिले असेल तर त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडू नका. त्याच्यावर जादा भार पडून तो तापतो आणि जळू शकतो.

पैशांची वाटणी

आवाज शेवटी स्पीकरमधून येतो. म्हणून संचाच्या पैशांतला निम्म्याहून अधिक भाग स्पीकरच्या जोडीवर खर्च करा. तुमच्या १५ हजारांची माझ्या मते वाटणी अशी : स्पीकरची जोडी ८ हजार, अॅम्प्लिफायर ४ हजार, वायर व विजेच्या संरक्षणाचे साहित्य १ हजार. उरलेले २ हजार राखून ठेवा. ते कशाला, ते शेवटी सांगतो.

अॅम्प्लिफायर पोटात असलेले स्पीकरही मिळतात. ते जोडायला सोपे आणि वायरींचा पसारा कमी. पण आतला भाग बिघडला तर पेटीच दुरुस्तीला न्यावी लागते. वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर तेवढाच बदलता येतो. मोबाइल जोडायला ब्लूटूथ आणि वायर अशा दोन्ही सोयी असाव्यात. रेंजची अडचण असेल तर पेनड्राइव्हची खाचही हवी. आकाशवाणीची अनेक केंद्रे आता मोबाइलवर ऐकता येतात, तेव्हा रेडिओही याच संचावर वाजेल.

जुना संच स्वस्तात मिळत असेल तर मोठ्या स्पीकरच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबून पाहा. भुगा पडला तर सोडून द्या. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का, तेही ऐका.

दुकानात काय ऐकावे?

दुकानदार धडधडणारे गाणे लावतो आणि आवाज मोठा ठेवतो. मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. म्हणून दोन संच ताडून पाहताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगा. आपल्या ओळखीची दोन गाणी मोबाइलमध्ये घेऊन जा. तबल्याचा डग्गा आणि चाट वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. मग बातम्या लावा. निवेदकाचा शब्द न् शब्द स्पष्ट कळला तर संच चांगला. बोलणे पोकळ घुमत असेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

पक्के बिल घ्या, त्यावर नंबर लिहून घ्या आणि दुरुस्ती कोठे होते ते आधीच विचारा. हप्त्यावर घेत असाल तर सगळ्या हप्त्यांची बेरीज करा, वरचे शुल्क त्यात धरा आणि मग रोखीच्या भावाशी ताडून पाहा.

मांडणी आणि राखण

स्टिरिओ म्हणजे डावा व उजवा असे दोन वेगळे आवाज. दोन्ही पेट्या एकावर एक रचल्या तर ती मजा जाते. दोघींत पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर समोर बसा. पेटी बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावी. कोपऱ्यात सारली तर आवाज घुमतो. पत्र्याच्या घरात आवाज फार आदळतो. समोरच्या भिंतीला एक जाड गोधडी टांगून पाहा, फरक पैशाविना कळेल.

वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची घ्या. तांबड्याला तांबडे, काळ्याला काळे जोडा. एका बाजूची जोडणी उलटी झाली तर डग्ग्याचा आवाज नाहीसा होतो आणि लोक संचाला दोष देतात. खुणा पुसल्या असतील तर पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहा. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक टोकाला लागली की पडदा पुढे येतो.

विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, घराचे अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागण्याआधीच प्लग काढून ठेवा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून धान्याच्या पोत्यांजवळ संच ठेवू नका. आणि स्पीकरच्या मागच्या भोकात कुंभारमाशी चिखलाचे घर करते, तिकडे महिन्यातून एकदा नजर टाका.

चिरंजीवांसाठी दोन शब्द

बाळा, तुझी हौस मला समजते. पण गेलेले कान परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज वाढला की ही मुदत भराभर घटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. शेजारी कोणाचे आजारपण असते, कोणाचा अभ्यास असतो.

राखून ठेवलेले दोन हजार

ताई, सासूबाईंना आवाज ऐकू येत नाही असे नाही, शब्द कळत नाहीत. वयानुसार आधी बारीक सूर जातात. स, श, त, फ ही अक्षरे पुसट होतात. आवाज मोठा केला, डग्गा वाढवला तर उलट गोंधळ वाढतो. त्यासाठी दहा हजार वॅटचा उपयोग नाही. एक पेटी त्यांच्या बसण्याच्या जागेजवळ आणा, 'बास' कमी करा, 'ट्रेबल' थोडा वाढवा. आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. कधी नुसता मळ निघतो आणि काम होते. जाण्या-येण्याचा खर्च त्या दोन हजारांतून करा.

उरलेल्या पैशात मामंजींच्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून घ्या. हे काम संच घेण्याच्याही आधी करा. चांगला टेप असलेला माणूस गाठा, टेपचे हेड स्पिरिटने पुसायला सांगा आणि पहिल्याच वेळी वाजवताना उतरवून घ्या. उतरवलेले दोन ठिकाणी ठेवा. कॅसेटी स्पीकरजवळ ठेवू नका, आत लोहचुंबक असते.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? माझ्या वडिलांच्या आवाजाची एकच कॅसेट होती. मळणीच्या रात्री खळ्यावर म्हटलेली गाणी. पुढे कधीतरी उतरवू म्हणत राहिलो. एका दिवाळीला मुलांना ऐकवायला म्हणून जुन्या टेपमध्ये घातली आणि टेपने फीत गिळली. तुकडे जोडायला कोणी मिळाले नाही. संच आज माझ्याकडे चांगला आहे, पण तो आवाज त्यात नाही.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली. लोक एकत्र बसत, ऐकत आणि ऐकलेल्यावर बोलत. घरच्या संचाचाही खरा उपयोग तोच. रात्री जेवणे झाल्यावर सगळे एका खोलीत बसावेत, आजीला शब्द कळावेत, नातवाचे एक गाणे व्हावे आणि मग आजोबांचे भजन लागावे. एवढे झाले की तुरीचे पैसे सत्कारणी लागले, असे समजा.

कॅसेटी उतरल्या की मला दोन ओळी जरूर लिहा.

पुढच्या खेपेला पुन्हा शेताच्या बांधावर भेटू.