आजीच्या भरवशावर चाललेला कायदा

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घर सातारा जिल्ह्यात, सध्या मुक्काम वाकडला, मुलाकडे. सून हिंजवडीत नोकरी करते. तिची प्रसूती रजा संपेल त्या दिवशी आमचं बाळ जेमतेम साडेचार महिन्यांचं असेल. रजा तर २६ आठवड्यांची, मग बाळ सहा महिन्यांचं कसं नाही, असं आपल्या मनात येईल. तिचा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे आधीच घरी बसवलं, ते त्याच २६ मधून गेले. गरोदरपणातल्या आजारासाठी महिनाभर जादा रजेची तरतूद कायद्यात आहे. ती मागितली तर एचआरवाल्या बाई ‘बघू’ म्हणाल्या. अजून बघताहेत.

इकडे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सरकारचंच पोस्टर आहे, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पोस्टर एका खात्याचं, रजा दुसऱ्या खात्याची, आणि मधला दीड महिना बाळाने कसा काढायचा ते कुठल्याच खात्याचं नाही.

पाळणाघरं पाहून आलो. बहुतेक ठिकाणी ‘वर्षाचं झालं की आणा’ म्हणतात. एका ठिकाणी तान्ही घेतात म्हणून आशेने गेलो. जमिनीवर गादी, गादीवर ओळीने निजवलेली पाच बाळं आणि सगळ्यांना मिळून एक मावशी. खिडकीत दुधाच्या बाटल्या ठेवलेल्या, एकीवरही नाव नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आज्जी, मला चेहऱ्यावरून कळतं.” चेहऱ्यावरून बाळ कळेल हो, बाटली कशी कळणार? पण तिला तरी काय बोलायचं! पाच तान्ही एकटीने सांभाळणारी बाई एवढ्या पगारात दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

आता कायद्याकडे येते. पूर्वी कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तरच पाळणाघर, अशी अट होती. तिसावर थांबायची पळवाट त्या अटीतच होती. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ती बुजवली. पुरुष-बायका मिळून पन्नास माणसं झाली की पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. हेच पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. कागदावर सगळं चोख आहे.

सुनेच्या कंपनीत माणसं हजारांत आहेत. पाळणाघराचं विचारलं तर ‘टाय-अप’ आहे म्हणाले. ते निघालं बाणेरला, आणि तेही वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी. ऑफिस हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला. संध्याकाळची ती गर्दी आपण गाडीच्या काचेतून का होईना, पाहिली असेलच. चार भेटी घ्यायच्या तर सुनेने दिवस रिक्षातच काढायचा. आणि या चार भेटी कलमात फक्त बाईला आहेत. मुलाने जाऊन बाळाला बघून यायचं म्हटलं तर त्याला रजाच टाकावी लागेल. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत त्याच्यासाठी कायद्याने काहीच नाही, जे मिळतं ती कंपनीची मर्जी. आमच्या चिरंजीवांना पाच दिवस मिळाले, त्यातले दोन शनिवार-रविवार.

मग हे सगळं चालतंय कुणाच्या जिवावर? विहीणबाई आणि मी पाळी लावली आहे, तीन महिने त्या, तीन महिने मी. आमचे हे गावी डबा लावून राहतात. आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी दहाला या, सातारा, लातूर, जळगाव, सगळीकडच्या आज्या बाबागाड्या ढकलताना दिसतील. काही जणी नुकत्याच न्यू जर्सीत सहा महिने हेच करून आलेल्या असतात. ज्यांना आजी नाही, किंवा आजीच आजारी आहे, त्या मुली नोकरी सोडतात. त्याची नोंद कुठे ‘पाळणाघराअभावी’ म्हणून होत नाही, ‘वैयक्तिक कारण’ म्हणून होते.

मालकांचीही एक बाजू आहे, ती लपवत नाही. पगार २१,००० च्या वर गेला की बाई ईएसआयच्या बाहेर पडते आणि रजेचा सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. मग मुलाखतीत ‘लग्न झालंय का?’ विचारतात. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पुढच्या वर्षी कायदा झाला. भार मात्र शंभर वर्षं होत आली तरी तिथेच आहे.

तो भार उचलणं एकट्या आपल्या हातात नाही, हे मला कळतं. पण संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायची मुभा आहे, आणि हिंजवडीचा आयटी पार्क एमआयडीसीचा आहे. उद्योग खात्याशी बोलून एका फेजमध्ये एक सामायिक पाळणाघर उभं करा. तिथे चार महिन्यांपासूनची बाळं घ्या, आणि ती बापाच्या ओळखपत्रावरही घ्या. किती तान्ह्यांमागे किती मावश्या, हे दारावरच लिहा. आणि आपले निरीक्षक कंपनीत जातील तेव्हा टाय-अपचा करार पाहून परत फिरू नयेत. तिथे सर्वांत लहान मूल किती महिन्यांचं घेतात, एवढं विचारावं.

पाहणीला बोलावलंत तर मी येईन. जानेवारीपर्यंत पाळी माझी आहे. त्यानंतर विहीणबाई असतील, आणि त्या माझ्यापेक्षा कडक आहेत.

कळावे,
एक आजी
वाकड, पुणे