गायरानातील आग व पहिला फुटवा

फाल्गुन लागला की जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात रात्री आगीच्या रेषा दिसू लागतात. जुने वाळलेले गवत जाळले म्हणजे नवे गवत जोमाने येते, अशी समजूत गुराख्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीस अडाणीपणा म्हणून हसणे योग्य नव्हे. जळालेल्या जागी कोवळा फुटवा लवकर दिसतो व गुरे तो आवडीने खातात, हे खरेच आहे. चूक आहे ती पुढच्या हिशेबात.

गवत पानांत अन्न तयार करते व पावसाळ्याच्या अखेरीस त्याचा साठा बुडख्यात आणि मुळांत करून ठेवते. मृगाच्या पावसानंतरचा पहिला फुटवा याच साठ्यावर निघतो. तो वीतभर होण्याच्या आत गुरांनी खुडला की साठ्यातून पुन्हा खर्च होतो. जमा काहीच पडत नाही. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे पवना, मारवेल, डोंगरी ही सकस गवते खचतात व त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीचे बी पीळदार कुसळाच्या साहाय्याने स्वतःस मातीत रोवून घेते. त्यामुळे ते आगीतून बरेचसे वाचते. कुसळी नाहीशी व्हावी म्हणून जो काडी लावतो, तो तिलाच रान मोकळे करून देतो! शिवाय जळालेल्या गवतातील नत्राचा मोठा भाग धुराबरोबर उडून जातो, आणि उघड्या मुरमाड उतारावरील राख व माती पहिल्या मोठ्या सरीत ओढ्यास मिळते.

तथापि सगळा दोष आगीवर टाकणेही बरोबर नाही. आफ्रिकेतील माळांवर व अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत जाणकार लोक ओल, वारा व ऋतू पाहून हेतुपूर्वक आग लावतात. पण पुष्कळ ठिकाणी फुटवा उभा राहीपर्यंत जनावरे बाहेर ठेवतात. इकडे आग आणि चराई लागोपाठ येतात. खरा घात तेथे आहे. राखीव वनात आग लावणे तर भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, आणि गायरानातील ठिणगी वाऱ्याने तेथवर जाण्यास वेळ लागत नाही.

सबंध गायरान बंद करावे, असा सल्ला काही उत्साही कार्यकर्ते देतात. ज्याच्या घरी कडब्याची गंजी आहे त्यास बंदीची झळ नाही. चार शेळ्यांवर चूल चालविणाऱ्या भूमिहीनास ती पहिल्याच दिवशी लागते, व अशी बंदी टिकत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर चराईबंदी झाली, परंतु गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा राहिली. बंदी तेथे निभावली याचे एक कारण हेच असावे.

परभणी जिल्ह्यातील गावांनी गायरानाचे चार भाग करून दर पावसाळ्यात एकच भाग राखावा. त्यातील कुसळी फुलोऱ्यावर येताच, कुसळे पक्की होण्यापूर्वी कापावी. पवना व मारवेल यांचे बी मात्र पहिल्या वर्षी गळू द्यावे व नंतर कापणी करावी. बुडखा चार बोटे राखावा. कापणीचा पहिला हक्क भूमिहीन व शेळीपालक कुटुंबांचा राहील, हे ग्रामसभेच्या ठरावात पाऊस पडण्यापूर्वीच लिहून घ्यावे. गवत असे घरी गेले म्हणजे फाल्गुनात जाळण्यास तेथे फारसे काही उरतही नाही.