थिजणारे तूप, पातळ तेल

माळव्याच्या थंडीत आम्हां सर्वांच्या घरी साजूक तूप थिजते. शेजारचे करडईचे तेल मात्र पातळच राहते. दोन्हींत ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लेच असतात. भेद असतो तो त्यांच्या ठेवणीत. तुपातील बरीचशी मेदाम्ले संपृक्त, सरळ साखळीची. ती दाटीने बसतात. करडईतील बहुतेक असंपृक्त. त्यांच्या साखळीस बाक असल्याने ती तशी बसू शकत नाहीत.

वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन मिसळून हा बाक घालवतात. ही क्रिया अर्धवट राहिली की ट्रान्स मेदाम्ले उरतात. ती हृदयास घातक. म्हणूनच वनस्पती व खाद्यतेलांत त्यांचे प्रमाण शेकडा २ हून अधिक नसावे, असे बंधन भारतात २०२२ पासून आहे.

तथापि स्निग्धांशास सरसकट शत्रू मानणे आम्हांस रुचत नाही. प्रत्येक पेशीचे आवरण फॉस्फोलिपिडांचे. कोलेस्टेरॉलपासून शरीर पित्ताम्ले व काही संप्रेरके घडवते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशावाचून नीट शोषली जात नाहीत. मात्र त्याच्या एका ग्रॅमात ९ कॅलरी, पिष्टाच्या दुपटीहून अधिक! तेव्हा वरणभातावर तूप अवश्य घ्यावे, पण चमच्याने मोजून, इतकेच आमचे सांगणे.