तिवरं मोजली, चिखल कोण मोजणार?

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या खाडीकाठी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काय घाण चिखल आहे, भराव टाकून गार्डन तरी करा!" अहो, त्या चिखलातच तर खरा माल आहे. भरतीच्या पाण्याने कायम भिजलेल्या त्या मातीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. पानं, मुळं पुरती कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन शेकडो वर्षं तिथेच दबून राहतो. तिवरांच्या जंगलातला बहुतेक कार्बन झाडात नाही, मातीत असतो. भराव टाकून भरती अडवली, माती सुकली, की तिला हवा लागते. मग एक टन कार्बनचा ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. अकरावीची केमिस्ट्री!

डिसेंबर २०२५ मध्ये हायकोर्टाने वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी ४५ हजारांहून जास्त तिवरं तोडायला परवानगी दिली. (२०१८ मध्ये याच कोर्टाने तिवरांची कत्तल म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला असं म्हटलं होतं. सार्वजनिक हिताची फट मात्र ठेवली होती. असो.) बदल्यात रोपं लावणार म्हणे. लावा की! पण खालचा जुना चिखल कुठल्या नर्सरीत मिळतो? डेटाबेस उडवायचा, रिकामं टेबल बनवायचं आणि "रिस्टोर झालं" म्हणून मेल टाकायचा, त्यातला प्रकार. आमच्याकडे असल्याला प्रोजेक्टवरून काढतात.

रस्ता हवाच असेल तर निदान त्या हिशेबात मातीचा एक कॉलम घाला.