आज पिकाची नाही, गाडीची फवारणी

आपल्याकडच्या उन्हात उभी राहून गाडीचा डॅशबोर्ड पांढरा पडतो, दाराच्या पट्ट्यांचा रंग उडतो. तेवढ्यासाठी नवे भाग घ्यायची घाई करू नका. रबराचा स्प्रे मिळतो. वाळला की रबरी कातडं होतं, नको झालं तर सालीसारखं सोलून निघतं. माझ्या मते त्याचा मोठा गुण हाच. चुकलं तरी मूळ भाग शाबूत राहतो.

माझं पहिल्यांदा चुकलंच. पट्टीवर जुन्या पॉलिशचा तेलकटपणा होता, रबरानं धरलंच नाही. मग पट्ट्या खोलून साबणानं धुतल्या, वाळवल्या. वीतभर अंतरावरून 4-5 पातळ हात मारले, मधे अर्धा-अर्धा तास थांबलो. एकदम जाड मारलं तर ओघळ येतात. सगळे हात मिळून थर पातळच राहिला, तर सोलताना तुकडे पडतात. तेव्हा वरून आणखी हात द्या, वाळू द्या, मग अख्खी साल निघते.

स्टिअरिंग, गिअरची मूठ सोडा, तिथं घासून टिकत नाही. एअरबॅगच्या झाकणावर तर मारूच नका. तडा गेलेला असेल तर तो यानं सांधत नाही.

आणि हे काम बंद गाडीत बसून नको. मोकळ्या जागी, वारं नसताना, बिडी-काडी लांब ठेवून करा. वाफेला नुसता गमछा पुरत नाही, चांगला मास्क लावा. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले. तिथं औषध वेगळं होतं, पण निष्काळजीपणा आपलाच आहे. डबा लहान म्हणून वाफेला हलकं समजू नका.