कमी वाघांच्या रानाची बाजू

दिवाळी सरली की भिलाईच्या टाउनशिपमध्ये सहलींचे बेत सुरू होतात. मुलांच्या सुट्ट्या, प्लांटमधली रजा आणि गाडीची सोय एवढे जुळले, की मराठी घरांत हमखास निघणारा विषय म्हणजे जंगल सफारी. या बेताचे पहिले वाक्य गेली कित्येक वर्षे मी एकच ऐकत आलो आहे : "सायटिंगची खात्री कुठं आहे?" उत्तरही ठरलेले असते. ताडोबा, नाहीतर कान्हा. कुणी नागझिऱ्याचे नाव काढलेच तर "तिथं वाघ कुठाय?" एवढ्या तीन शब्दांत ते निकालात निघते. बारनवापाऱ्याचे नाव तर निघतही नाही.

या तीन शब्दांशी माझे भांडण आहे. भिलाईहून सफारीला निघणाऱ्याने आधी जवळच्या, कमी वाघांच्या रानात जावे, असे माझे म्हणणे आहे. त्यात जाणाऱ्याचा फायदा आहे आणि वाघाचाही आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. नवा रायपूरला २०१६ साली सुमारे ३२० हेक्टरांत कुंपणाआड प्राणी ठेवून 'जंगल सफारी' उघडली, तेव्हापासून आपल्याकडे अर्धे लोक त्यालाच सफारी समजतात. जाळीच्या बसमधून वाघ-सिंह दिसतात, त्याच दिवशी घरी परत येता येते. शहरातल्या मुलांसाठी अशी जागा असावी, माझी हरकत नाही. आपली मैत्री बागही १९७२ पासून आहे आणि तिथल्या पांढऱ्या वाघांसमोर उभे राहून माझ्या पिढीतल्या प्रत्येक भिलाईकराचा फोटो निघालेला आहे. पण पांढरा वाघ ही काही वेगळी जात नव्हे. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' नावाच्या बछड्यापासून माणसांनी जवळच्या नात्यांत जोड्या लावून वाढवलेला तो वंश आहे. वाघ कसा दिसतो हे पिंजऱ्यापुढे कळते. तो का जगतो, कुठून येतो, कशावर जगतो, हे पिंजरा सांगू शकत नाही. ते रानातच कळते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. "एवढा खर्च करायचा आणि वाघ दिसला नाही तर?" हा प्रश्न खोटा नाही. सहा माणसांची जिप्सी, गाइडचे पैसे, प्रवेशशुल्क, राहणे, पेट्रोल यांचा हिशेब मध्यमवर्गीय घराला जाणवतोच. मग हिशेबच पुरता करू. एक फेरी साधारण चार तासांची असते. नशीब जोरावर असले आणि वाघ दिसला, तर तो पाच मिनिटे दिसतो, फार तर दहा. पैसे आपण चार तासांचे भरतो. ज्याने बेत पाच मिनिटांसाठी आखला, त्याचे उरलेले तास वाया जातात. वाघ दिसला तरी जातात, कारण त्या तासांत काय बघायचे हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

मी स्वतः हे भोगले आहे. एका नामांकित प्रकल्पात मे महिन्यात गेलो होतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडी एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर पळत होती. समोरून येणारा ड्रायव्हर हाताने खूण करी, आमचा ड्रायव्हर गाडी वळवी. शेवटी वीसेक जिप्स्यांच्या मागे उभे राहून दोन टपांच्या फटीतून मी पिवळ्या कातडीचा एक तुकडा रस्ता ओलांडताना पाहिला. त्या चार तासांत आम्हाला कुणी एका झाडाचे नाव सांगितले नाही. मे महिन्यात पाणी आटते, पानगळ झालेली असते, म्हणून वाघ जास्त दिसतो, हे खरेच आहे. पण त्या महिन्यात माणसाला वाघाखेरीज काही दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या घाईची परिणती कुठे होते ते २०२४ च्या ३१ डिसेंबरला सगळ्यांनी पाहिले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव गेटाच्या बाजूला एफ-टू नावाच्या वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइडांवर कारवाई झाली. मला मात्र वाटते की दोष एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारून चालणार नाही. मागच्या सीटवरून "आणखी जवळ घ्या" म्हणणारे आपणच असतो. गाडीतल्या सहाजणांनी "थांबा, तिला जाऊ द्या" म्हटले असते, तर ड्रायव्हरने गाडी पुढे दामटली नसती.

असे काही घडले की दुसरी बाजू उठते : पर्यटन बंदच करा. तेही मला मान्य नाही. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने थांबवले होते. ऑक्टोबरात बंदी उठली, तेव्हा पर्यटनासाठी गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग वापरावा, असे मार्गदर्शक तत्त्व आले. मर्यादा घालणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे. गेटावरचे गाइड जवळपासच्या गावांतले असतात. ज्या गावाने जंगलापायी गुरे गमावली, पिके गमावली, त्या गावातल्या पोराला जंगलामुळे रोजगार मिळतो तो इथेच. शिवाय जिथे माणसे रोज जातात, तिथे काही वावगे घडले तर बोभाटा होतो. जिथे कुणीच जात नाही, तिथे रान विरळ होत गेले तरी वर्तमानपत्रात ओळसुद्धा येत नाही. म्हणून माझी तक्रार पर्यटनाबद्दल नाही. सगळे पर्यटन पाच-सहा गेटांवर जाऊन आदळते आणि बाकीची जंगले ओस राहतात, ही माझी तक्रार आहे.

"पण तिथं वाघ कुठाय?" या प्रश्नाला आता थेट उत्तर देतो. 'जय' वाघ आठवतो? उमरेड-कऱ्हांडल्याला ज्याने देशभर नाव मिळवून दिले, ज्याच्यासाठी लोक विमानाने नागपूरला उतरत, तो जय जन्माला आला नागझिऱ्यात. २०१३ साली तो शेतांमधून, नाल्यांमधून, रस्ते ओलांडत उमरेडला पोचला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही. ज्या वाघासाठी गर्दी लोटली, तो 'तिथं वाघ कुठाय' म्हणतात त्याच रानाचा मुलगा होता. उलट बाजूही बघा. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची दाटी झाली म्हणून २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वनखात्याने नागझिराच निवडला, कारण तिथे जागा आहे, भक्ष्य आहे आणि कान्ह्यापासून ताडोब्यापर्यंत, पुढे इंद्रावतीपर्यंत वाघाला चालत जायचे असेल तर हे रान मधल्या पायरीसारखे आहे. पायरी ढासळली की वरचा मजला टिकत नाही.

छत्तीसगडचे आकडे याहून बोलके आहेत. २०१४ च्या गणनेत आपल्या राज्यात ४६ वाघ होते, २०१८ मध्ये १९, २०२२ मध्ये १७. त्याच २०२२ मध्ये महाराष्ट्रात ४४४ आणि मध्य प्रदेशात ७८५. "मग कान्ह्यालाच जाणं शहाणपणाचं नाही का?" असे मला परवा एका शेजाऱ्यांनी विचारले. मी त्यांना बारनवापाऱ्याची हकीकत सांगितली. २०२४ च्या मार्चमध्ये कुठूनसा एक नर वाघ तिथे आला. जवळपास आठ महिने राहिला. जोडीदारीण नव्हती. नोव्हेंबरात तो कसडोल गावात शिरला, तिथे त्याला बेशुद्ध करून पकडले आणि दूर गुरु घासीदास-तमोर पिंगलाच्या जंगलात नेऊन सोडले. त्या आठ महिन्यांत भिलाईहून बारनवापाऱ्याला किती मराठी कुटुंबे गेली असतील? आपल्याच राज्यात, रायपूरच्या पलीकडे, सपाटीवरच्या साल-सागाच्या रानात वाघ एकटा फिरत होता आणि आपण ताडोब्याच्या बुकिंगसाठी रात्री जागत होतो.

आपल्याला, भिलाईकरांना, या मधल्या रानांची एक जास्तीची जबाबदारी आहे, असे मी मानतो. माझी नोकरी रेल मिलमध्ये झाली. लालभडक रूळ रोलरवरून सरकत येताना मी आयुष्यभर पाहिला. त्याचे खनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले, आणि ते डोंगर एकेकाळी जंगलच होते. तयार रूळ देशभर गेले. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदियाच्या रेल्वेमार्गावर वाघाचे बछडे गाडीखाली मेले, तेव्हा ती बातमी वाचून मला जेवण गेले नाही. रूळ नकोत असे मी म्हणत नाही. रुळाने मला पोसले आहे. पण रूळ जिथून जातो ते रान मी पाहिलेले असावे, एवढे तरी माझ्याकडून व्हायला हवे.

"मुलांना कंटाळा येतो" हा आक्षेप राहिला. त्याला उत्तर म्हणून एक सकाळ सांगतो. जानेवारीत मी, भाऊ-वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी पिटेझरी गेटातून नागझिऱ्यात शिरलो. थंडी अशी की घोंगडीतून हात बाहेर काढवत नव्हता. गाइड जवळच्याच गावचा. अर्ध्या तासाने त्याने एका वारुळापाशी गाडी थांबवायला लावली. वारूळ मधोमध उकरलेले, भोवती ओलसर तांबडी माती. "पहाटचंच आहे जी," तो म्हणाला. अस्वल आधी फुंकर मारून माती उडवते, मग ओठांची नळी करून वाळवी शोषून घेते, त्याचा आवाज दूरवर जातो, हे त्याने तोंडाने करून दाखवले. शेजारच्या झाडावर नखांचे ओरखडे होते. जुने काळे पडलेले, नवे पिवळट. पोरीने नवे मोजले : सात. पुढे ऐनाची झाडे आली, मगरीच्या पाठीसारखी साल असलेली. मग धुळीत वाघाचा ठसा दिसला. ठशाच्या आत एका पक्ष्याच्या बोटांची बारीक नक्षी होती. गाइड काही बोलला नाही, नुसता पोरीकडे बघत राहिला. ती दोन मिनिटे विचार करून म्हणाली, "आधी वाघ गेला, मग पक्षी आला." गाइडने मान हलवली. पक्षी सकाळी उजाडल्यावर उतरला असणार, म्हणजे वाघ त्याआधी, रात्री गेला. वाघ आम्हाला दिसला नाही. दुसऱ्या फेरीत रानकुत्र्यांचा कळप दिसला आणि पोरगी त्यांच्याबद्दल अजून बोलते.

व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' नावाचे आख्खे पुस्तक या रानावर लिहिले. मारुती चितमपल्लींनी शेजारच्या नवेगावबांधला नोकरीची वर्षे काढली. या दोघांची पुस्तके आपल्या घरांतल्या कपाटांत असतात. तरी आपल्याला नागझिरा परका वाटतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता नागझिऱ्याचा बेत. ए शिफ्ट दोनला सुटते. तीनच्या आत निघालात तर नागपूर रस्त्याने राजनांदगाव, देवरी करीत दिवेलागणीला साकोलीच्या परिसरात पोचता येते. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. दोन रात्री राहा आणि किमान तीन फेऱ्या करा, पण एकाच रानात. तीन रानांत तीन फेऱ्या केल्या तर तीनही अनोळखी राहतात. जमला तर गाइडही तोच मागा. दुसऱ्या फेरीला तो तुमचे डोळे ओळखू लागतो आणि मग खरे दाखवतो. दिवस डिसेंबर ते मार्चमधले निवडा. मळकट रंगाचे कपडे, घोंगडी, घरात असेल तर दुर्बीण. मोबाइल बंद करून पिशवीत. गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला एकच वाक्य सांगा : "वाघाच्या मागे पळू नका, गाइड म्हणेल तिथं थांबा." या वाक्याने सकाळ बदलते, हे मी अनुभवाने सांगतो. एक दुपार नवेगावबांधच्या तळ्याकाठी घालवा. हे विस्तीर्ण तळे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधले, आणि हिवाळ्यात त्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. परतताना गोंदियाकडून आलात तर भाताच्या बांध्यांकडे लक्ष ठेवा. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः याच जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्या आधाराने.

कान्ह्याला कधीच जाऊ नका, असे मी म्हणत नाही. १९७० साली ६६ वर आलेला तिथला बारशिंगा गवताळ मैदाने राखून, वाढवून पुन्हा हजारावर नेला, ती मैदाने एकदा बघितलीच पाहिजेत. कवर्ध्याहून चिल्पी घाट चढून मुक्की गेट गाठणे आपल्याला सोपेही आहे. पण आधी नागझिरा किंवा बारनवापारा पाहून जा, म्हणजे कान्ह्याला तुम्हाला गवत दिसेल, फक्त गवतात लपलेला वाघ शोधत बसणार नाही.

निघताना पिटेझरीच्या त्या गाइडने पोरीला सांगितले होते, "मोहफुलं पडली की ये. अस्वल झाडाखाली येतं." मार्चअखेरच्या शनिवार-रविवारचे बुकिंग मी केले आहे. गाडीत सहा जागा असतात, आम्ही चार आहोत. दोन अजून रिकाम्या आहेत.