साय न धरणारे दूध

सोनगीरची ख्याती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे. धुळ्याहून शिरपूरकडे मुंबई-आग्रा रस्त्याने निघालेल्या माणसाला किल्ल्याची टेकडी दिसू लागते आणि तिच्या पायथ्याच्या गावात तांबे-पितळेची दुकाने भेटतात. काही महिन्यांपूर्वी दूध तापवण्यासाठी जाड बुडाचे पितळी पातेले घ्यावे म्हणून मी अशा एका दुकानात शिरलो. दुकानदार वयस्क होते. पातेले काढता काढता त्यांनी सहज विचारले, की घरी दूध कोणते येते? पिशवीचे, असे मी सांगितले. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "या दूधले जीव नही, भाऊ." कल्हई लावलेले पातेले मी घेतलेच, परंतु ते वाक्यही बरोबर घेऊन आलो.

ते मनात राहण्यास एक कारण होते. त्याच सुमारास घरी पनीर करण्याचे माझे दोन प्रयत्न फसले होते. दूध उकळले, लिंबू पिळले, ते फाटलेही. पण चोथा एवढा भुसभुशीत, की निम्मा फडक्यातून निवळीबरोबर वाहून गेला आणि उरलेल्याची वडी सुरी लावताच विस्कटली. आठवडाभर साठवलेल्या सायीचे लोणीही लिंबाएवढे निघाले. दोष माझ्या हाताचा असावा, अशी माझी समजूत होती. पुढे पिशवीवरची बारीक अक्षरे वाचली. तेथे ‘पाश्चराइज्ड’च्या शेजारी दुसरा शब्द होता, ‘होमोजिनाइज्ड’.

आपण हे दोन शब्द एकाच श्वासात वाचतो आणि एकाच अर्थाचे समजतो. वस्तुतः त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाश्चरायझेशन म्हणजे दूध साधारण ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून १५ सेकंद त्या तापमानावर ठेवणे व लगेच थंड करणे. त्याने रोगजंतू मरतात. ते माणसाच्या आरोग्यासाठी आहे. होमोजिनायझेशन म्हणजे दूध प्रचंड दाबाने अतिशय अरुंद फटीतून दवडणे. त्यामुळे दुधातले स्निग्धकण फुटून इतके बारीक होतात, की ते वर तरंगून येत नाहीत. मराठीत याला ‘एकजीव करणे’ म्हणता येईल. ओग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ साली या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात आरोग्याचा प्रश्न नव्हता, दिसण्याचा आणि टिकण्याचा होता: दुधावर मलईचा थर जमू नये आणि पहिल्या पेल्यापासून शेवटच्या पेल्यापर्यंत दूध सारखे दिसावे. आपल्याकडे त्याला आणखी एक गुण चिकटला. अशा दुधाने चहा अधिक पांढरा दिसतो.

हे कण फुटले की त्यांचे मूळचे आवरण अपुरे पडते आणि दुधातले केसिन हे प्रथिन त्यांना चिकटून नवे आवरण तयार करते. पनीर होताना जाळे विणायचे काम याच केसिनचे. ते चरबीत गुंतल्यामुळे जाळे विरळ व दुबळे होते. लिंबाच्या पनीरचे तरी काहीतरी हाती लागते; रेनेट घालून चीज करू पाहणाऱ्यास मात्र घट्ट कापता येण्याजोगा थर मिळणे कठीण. म्हशीच्या दुधात चरबी अधिक असते आणि तिचे कणही गाईच्या दुधातल्या कणांपेक्षा मोठे असतात. म्हणून मूळ म्हशीच्या दुधावर भाकरीसारखी साय येते. यंत्रातून गेलेल्या दुधावर येतो तो पापुद्रा.

‘चीज कशाला? आपल्याकडे दूध फाडणे अशुभ,’ असे कोणी म्हणेल. परंतु वैदिक यज्ञविधींत गरम दुधात दही घालून केलेली आमिक्षा आहे, आणि तिच्यातून सुटलेल्या पाण्यालाही वाजिन असे स्वतंत्र नाव आहे. धुळ्याहून पश्चिमेस जाणारा रस्ता ज्या सुरतेला पोचतो, तेथल्या पारशी घरांनी टोपलीत निथळवलेले, निवळीतच ठेवलेले पनीर जपले. आणि श्रीखंडासाठी टांगलेला चक्का तर आपल्याच घरातला. हे सर्व पदार्थ दुधाला दुधासारखे वागू देण्यावर अवलंबून आहेत.

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. होमोजिनाइज्ड दूध विषारी आहे, असे मला म्हणायचे नाही. त्याने हृदयविकार होतो, असे मत १९७० च्या दशकात अमेरिकेत कर्ट ऑस्टर यांनी मांडले होते. पुढच्या अभ्यासांत ते टिकले नाही. तसेच ‘गोठ्यातले धारोष्ण दूध तेच अमृत’ या मताचाही मी नाही. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांसारखे रोग येऊ शकतात. शिवाय रतिबाच्या दुधात पाणी घालणारा गवळी ही काही कविकल्पना नव्हे. सहकारी डेअरीने, १९७० ते १९९६ या काळात चाललेल्या दूधमहापूर योजनेने, आणि त्याही आधी मुंबईत दारा खुरोडी यांनी रुजवलेल्या टोन्ड दुधाने शहरांतल्या लाखो मुलांच्या हाती परवडणारे दूध दिले. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी उभे राहून पाहावे. शेतकऱ्याच्या किटलीतले दूध मापात पडण्याआधी त्यातली फॅट मोजली जाते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ हा दराचा पाया. त्याखाली गेले की पैसे कापले जातात. म्हणजे दूध विकणाऱ्याची परीक्षा दररोज, दोन वेळा होते. दूध विकत घेणाऱ्याच्या हाती काय आहे? त्याच्याजवळ यंत्र नव्हते, पण साय होती. दूध तापवून निवले की गृहिणी पातेल्यावरचे झाकण काढून बघे आणि दुसऱ्या दिवशी गवळ्याला जाब विचारी. तिची ती प्रयोगशाळा अचूक नसेल; पण ती तिची होती. होमोजिनायझेशनने हा डोळ्यांचा पुरावा काढून घेतला. ३ टक्क्यांचे टोन्ड आणि ६ टक्क्यांचे फुल क्रीम पेल्यात पाहून सांगणे आता अवघड झाले आहे. जे छापले आहे त्यावर विश्वास ठेवणे, एवढेच ग्राहकाचे काम उरले. यात कोणी फसवत असेलच असे नाही. मात्र न फसवणाऱ्यालाही आपला प्रामाणिकपणा दाखवण्याची सोय राहिली नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यात आणखी एक तोटा दिसतो. नातवंडांना आपण ‘दुधावरची साय’ म्हणतो. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली मराठी कवितांचे वेचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या संग्रहाला ‘नवनीत’ हे नाव दिले. घुसळल्यावर सार वर येते, हे प्रत्येक वाचकाने घरी पाहिलेले असणार, असा विश्वास त्या नावात आहे. वर्गात हे नाव समजावून सांगताना अलीकडे मला रवी आणि डेराही समजावून सांगावा लागतो. ज्या प्रदेशाच्या बोलीचे नाव अहिराणी, म्हणजे गुरे राखणाऱ्या अहिरांवरून आलेले सांगतात, तेथे ही अवस्था आहे. अनुभव संपला की वाक्प्रचार कोशात उरतो, तोंडात नाही.

उपाय अवघड नाही. डेअऱ्यांनी पाश्चराइज्ड पण होमोजिनाइज न केलेले दूध एक स्वतंत्र प्रकार म्हणून द्यावे आणि ‘यावर साय येते’ असे ठळक मराठीत छापावे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावयाचे नाही, असलेले एक यंत्र वगळायचे आहे. तोपर्यंत ज्याला हवे त्याने तीन गोष्टी कराव्यात. पिशवीवरचा दुसरा शब्द वाचावा. दूध न तापवता काचेच्या उभट भांड्यात फ्रीजमध्ये रात्रभर ठेवावे. सकाळी वर मलईची रेघ दिसली तर ते बहुधा यंत्राबाहेरचे, मुळीच दिसली नाही तर ते एकजीव केलेले किंवा मलई काढून घेतलेले. आणि म्हशी पाळणारे ओळखीचे घर शोधावे, गोठा स्वतः पाहावा, दूध आणल्याबरोबर उकळावे.

मी तेच केले. सोनगीरचे पातेले आता रोज चुलीवर चढते. कल्हई वर्षातून एकदा करावी लागेल आणि कल्हईवाला शोधणे दूध शोधण्याहून सोपे नाही. पनीर अजून सुबक होत नाही, पण सुरी लावली की वडी उभी राहते. सकाळी झाकण काढून आधी साय पाहायची आणि मग चहाला दूध घ्यायचे, ही आईची सवय आता मलाही लागली आहे. गेल्या आठवड्यात साय पातळ दिसली. म्हैस आटत आली असेल की पाणी पडले असेल, हे विचारायला मी दूधवाल्यांच्या दारात गेलो. पिशवीच्या दुधाने इतक्या वर्षांत मला एकदाही असे कोणाच्या दारात पाठवले नव्हते.